बॅजरच्या वाट्याचं कुरण

प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरशायरमधल्या एका ताईंच्या वसाहतीमागे सहा एकरांचं जुनं कुरण आहे. कडेच्या हेजमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत बांधावरच्या झाडोऱ्यात, बॅजरची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाच्या निशाचर जनावराची, बिळं आहेत. गेल्या महिन्यात तिथे खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं मोजमाप घेऊन गेली आणि गल्लीत बोलवा झाली की घरं होणार. आता तीसेक घरं मिळून जमीन विकत घ्यायचं बोलताहेत. ताईंचे प्रश्न दोन. बॅजरला कायद्याचं संरक्षण असताना तिथे बांधकाम होऊच कसं शकतं? आणि जमीन घेतलीच, तर पुढे करायचं काय?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मूळचा साताऱ्याकडचा, गेली एकोणीस वर्षं वेस्ट मिडलंड्समध्ये इकॉलॉजिस्ट. दिवसा बिल्डरांच्या पैशाने त्यांच्याच जागांचे सर्व्हे करतो आणि संध्याकाळी इथल्या बॅजर ग्रुपमध्ये फुकट राबतो. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणून दोन्हीकडचे टोमणे खातो, पण त्यामुळेच समोरचा काय खेळी करणार ते आधी कळतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. बांधकाम होऊ शकतं, आणि सर्रास होतं.

बॅजरचा आजचा कायदा १९९२चा, त्याचं मूळ १९७३च्या कायद्यात. बॅजर दुर्मिळ झाला म्हणून तो आला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४ लाख ८५ हजारांच्या आसपास बॅजर असावेत, असा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. कायदा आला तो क्रौर्यामुळे. बॅजरला बिळातून खणून काढायचं आणि कुत्र्यांशी झुंजवायचं हा इथला जुना ‘खेळ’. १८३५ साली त्यावर बंदी आली, चोरून तो आजही चालतो. म्हणून कायद्याची नजर जनावरावर आणि त्याच्या घरावर आहे. बॅजरला मारणं, पकडणं, त्याची बिळं मोडणं किंवा बुजवणं, आत कुत्रा सोडणं, तो आत असताना त्याला त्रास देणं हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपर्यंत कैद होते आणि दंडाला वरची मर्यादा नाही. बिळांच्या या वसाहतीला इंग्रजीत सेट म्हणतात, मीही पुढे तोच शब्द वापरतो. सध्या वापरात असल्याच्या खुणा ज्या सेटवर दिसतात, तो संरक्षित. पण बॅजर रात्री जिथे जेवतो ते कुरण? त्याचं नाव त्या कायद्यात नाही.

बरं, सेटसुद्धा नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या परवान्याने बंद करता येतो. बिळांच्या तोंडाशी एकाच दिशेला उघडणारी झडप बसवतात. बॅजर बाहेर पडतो, पण परत आत जाऊ शकत नाही. एकवीस दिवस लक्ष ठेवायचं, मग सेट खणून टाकायचा. मुख्य सेट असेल तर आधी जवळपास कृत्रिम सेट बांधून द्यावा लागतो. त्यात पाइपांची भुयारं असतात आणि आत झोपायच्या खोल्या. हे साधारण १ जुलै ते ३० नोव्हेंबर याच काळात करतात, कारण बॅजरचा समागम वर्षात कधीही होवो, गर्भ रुजतो तो डिसेंबरच्या आसपास आणि पिल्लं फेब्रुवारीच्या सुमारास होतात. आता डिसेंबर तोंडावर आला आहे. सेटपुरती तुम्हाला जूनअखेरपर्यंत उसंत आहे. प्लॅनिंगच्या, म्हणजे कौन्सिलच्या बांधकाम-परवानगीला मात्र ऋतू नसतो, ती भर हिवाळ्यातही मिळते.

तेव्हा बॅजर हा तुमच्या हातातला हुकमाचा एक्का समजू नका. पान चांगलं आहे, पण डाव नुसत्या त्याच्यावर निघणार नाही.

डाव आहे गांडुळांवर. इंग्लंडातल्या बॅजरचं मुख्य अन्न गांडूळ. एका रात्रीत एक बॅजर दोनेकशे सहज खातो. उबदार, ओलसर रात्री मोठी गांडुळं अर्धी बिळाबाहेर येऊन गवतावर पसरतात. बॅजर नाक खाली घालून सावकाश चालतो, एकेक टोक दातांत धरतो आणि शेवया ओढाव्यात तसं ओढून घेतो. वारा नसेल तर चुटुक असा आवाजही ऐकू येतो. यासाठी गवत आखूड लागतं, म्हणजे गाई-मेंढ्यांनी चरलेलं जुनं कुरण. नांगरलेल्या शेतात गांडुळं कमी, आणि गुडघाभर गवतात ती सापडत नाहीत.

सेट राखला आणि कुरण घालवलं, अशा जागा मी पाहिल्या आहेत. आराखड्यात सेटभोवती तीस मीटरचा हिरवा गोल, भोवती घरं. नकाशावर देखणं दिसतं. पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात आणि बॅजर नव्या घरांची लॉन उकरायला येतात. मग तक्रारी सुरू होतात, कुंपणं खोल पुरली जातात, एखादी मादी रस्त्यावर चिरडते. तीन-चार वर्षांनी मी परत गेलो की सेटच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं अखंड असतं. कायद्याचा भंग कुणीच केलेला नसतो.

यात एक गोम आहे, ती बहुतेक रहिवासी संघटनांच्या लक्षात येत नाही. २०२१च्या पर्यावरण कायद्याने बांधकामाच्या बदल्यात जैवविविधतेत निदान दहा टक्के वाढ दाखवणं सक्तीचं झालं. मोठ्या प्रकल्पांना ते फेब्रुवारी २०२४पासून लागू आहे. पण त्याचं गणित अधिवासांच्या प्रकारांवर चालतं, प्राणी मोजत नाही. खतं घालून वर्षानुवर्षं चरवलेलं साधं हिरवं कुरण त्या तक्त्यात खालच्या पायरीवर, आणि गांडुळं सगळ्यात जास्त तिथेच. म्हणजे बिल्डर तुमचं कुरण घेऊन कोपऱ्यात रानफुलांचा पट्टा, थोडी झुडपं आणि एक तळं देतो आणि कागदावर निसर्ग वाढतो. खोटं काही नसतं. फक्त बॅजर उपाशी राहतो. हरकतीच्या पत्रात हाच मुद्दा धरा. ‘बॅजर किती गोड असतात’ हे लिहू नका, प्लॅनिंग ऑफिसरला त्याचं काही करता येत नाही. त्याऐवजी विचारा: सर्व्हे कोणत्या महिन्यात झाला? सेट मोजले, पण चरायची जागा तपासली का? पायवाटा कुठून कुठे जातात? घरं झाल्यावर हे जनावर खाणार कुठे?

हे विचारायचं तर तुमच्या हातात नोंदी हव्यात. त्या ठेवणं अवघड नाही, पण शिस्त लागते.

बॅजरच्या बिळाचं तोंड आडव्या पाडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, तळाला सपाट, वर कमान. रुंदी साधारण वीतभर किंवा थोडी जास्तच. समोर उपसलेल्या मातीचा ढीग, कधी पोतंभर, कधी ट्रॉलीभर. कोल्ह्याचं बीळ उंचीला जास्त आणि जवळ गेलं की वास मारतं, आसपास पिसं-हाडं पडलेली. सशाचं पुष्कळच लहान. ढिगाऱ्यात वाळलेल्या गवताचे बोळे दिसले तर ते त्याचं जुनं अंथरूण. बॅजर गवताचा भारा हनुवटीखाली आणि पुढच्या पायांत दाबून उलटा, मागे मागे सरकत बिळात नेतो. एकदा पाहिलंत की विसरणार नाही.

आता केस. काटेरी तारेच्या सगळ्यात खालच्या फेरीला, जिथून पायवाट खाली घुसते तिथे, दोन-चार राठ केस अडकलेले सापडतील. टोकं पांढरी, मधे काळा पट्टा. असा एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून बघा. कोल्ह्याचा केस गोल असतो, सरळ फिरतो. बॅजरचा चपटा, बोटांत अडखळतो. माझ्या बॅगेत प्रयोगशाळेची उपकरणं असतात, पण पहिला निवाडा अजूनही ही दोन बोटंच करतात.

चिखलात पाऊल उमटलं असेल तर पाच बोटं जवळजवळ एका रांगेत, मागे रुंद गादी आणि पुढे लांब नखांच्या टोकांचे ठिपके. आणि हद्दीवर छोटे उघडे खड्डे, त्यांत विष्ठा. तो ती मांजरासारखी झाकत नाही. हे खड्डे म्हणजे त्यांच्या हद्दीचे दगड. तारीख, वेळ आणि जागेच्या आकड्यांसह फोटो काढा. बिळाच्या तोंडावर उभं राहू नका, काठी खुपसू नका, कुत्रा पट्ट्याला बांधा. कुरण दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर सार्वजनिक पायवाटेवरून किंवा आपापल्या परसातून दिसेल तेवढंच नोंदवा, नाहीतर परवानगी मागा. घुसून काढलेला फोटो तुमच्याच अंगाशी येईल.

हद्द पक्की ठरवायची आमची रीत ऐकून आई फोनवर खूप हसली होती. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान शेंगदाणे आणि गोल्डन सिरप एकत्र करायचं, म्हणजे न थापलेली चिक्कीच, आणि त्यात रंगीत प्लास्टिकचे बारीक निरुपद्रवी मणी घालायचे. या सेटजवळ निळे, पलीकडच्या सेटजवळ पिवळे. रोज थोडं थोडं, दगडाखाली ठेवायचं. दोनेक आठवड्यांनी सगळ्या हद्दींवरचे शौचखड्डे तपासत फिरायचं. निळे मणी जिथपर्यंत सापडले तिथपर्यंत या कुटुंबाचं रान. आमच्या स्वयंपाकघरात ते सिरप आता निषिद्ध आहे, एका वर्षी पातेलं करपवलं होतं. पण एवढ्यावरून जो नकाशा निघतो तो भल्या भल्या सल्लागारांना खोडता येत नाही, कारण तुमच्या सहा एकरांतलं किती रान कोण वापरतं हे त्यात दिसतं. हे काम स्वतः करू नका, जिल्ह्याच्या बॅजर ग्रुपला बोलवा. बॅजर ट्रस्टकडून त्यांचा पत्ता मिळेल.

आणि गुप्तता. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका सेटचा संध्याकाळचा सुंदर फोटो इंटरनेटवर टाकला. गावाचं नाव नव्हतं, पण मागे चर्चचा मनोरा होता. तीन आठवड्यांत तिथे फावड्याचे घाव आणि कुत्र्यांचे ठसे सापडले. मनोरा ओळखायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात. त्यामुळे गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशनची पिन टाकू नका, पोरांना कौतुकाने दाखवायला नेऊ नका. प्लॅनिंगच्या कागदांतही बॅजरचा अहवाल गोपनीय ठेवायची पद्धत आहे, तुमची हरकत पाठवताना सेटचा नकाशा वेगळा जोडून तसं लिहा. खणताना कुणी दिसलं तर जवळ जायचं नाही, पोलिसांचा तातडीचा ९९९ लावायचा. नंतर खुणा सापडल्या तर त्यांचाच बिनतातडीचा १०१.

आता जमिनीकडे. आपल्या लोकांना सातबारा काढून बघायची सवय असते, ती इथे फार कामाची आहे. लँड रजिस्ट्रीवर किरकोळ फी भरून त्या कुरणाचा उतारा काढा. मालक कोण हे कळेल, पण त्याहून महत्त्वाचं, बिल्डरने ऑप्शन करार नोंदवून ठेवलाय का ते कळेल. आपल्याकडच्या विसार पावतीचा हा थोरला भाऊ. मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो आणि परवानगी मिळाली की ठरल्या हिशेबाने त्याच बिल्डरला विकतो. असा करार असेल तर मालकाला तुम्ही कितीही गोड बोला, त्याचे हात बांधलेले आहेत. पैसे जमवायच्या आधी हे तपासा. एका गटाने वर्षभर केक विकून निधी जमवला आणि मग उतारा काढला, तेव्हा कळलं की जमीन कधीच विकाऊ नव्हती.

भावाचं गणितही ओळखीचंच आहे. नुसती शेती म्हणून इंग्लंडात एकराला साधारण दहा हजार पौंडांच्या आसपास पडतात. पण ‘पुढेमागे एनए होईल’ अशा जमिनीचा भाव वेगळा असतो, तसाच इथे आशेचा भाव लागतो आणि तो कितीतरी पट चढतो. म्हणून खरेदीच्या आधी ती आशा कमी करणं हेच काम. त्यासाठी सगळ्यात उपयोगी वाट म्हणजे लोकल ग्रीन स्पेस, म्हणजे राखून ठेवलेली स्थानिक हिरवी जागा. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, नेबरहूड प्लॅनमध्ये किंवा कौन्सिलच्या लोकल प्लॅन या विकास आराखड्यात ते कुरण तसं नोंदवून घ्यायचं. जागा वस्तीजवळ हवी, अवाढव्य नको आणि लोकांना ती विशेष का वाटते ते दाखवता आलं पाहिजे; निसर्गसंपदा हे त्यातलं एक मान्य कारण आहे. सहा एकरांना हे जमण्यासारखं आहे. नोंद झाली की ग्रीन बेल्टसारखे, म्हणजे शहरांभोवती मोकळ्या राखलेल्या पट्ट्यासारखे, निर्बंध लागतात आणि आशेचा भाव उतरतो.

व्हिलेज ग्रीनचा, म्हणजे गावाची सार्वजनिक मोकळी जागा म्हणून नोंदवायचा, मार्गही कुणीतरी सुचवेल. वीस वर्षं लोक तिथे परवानगी न मागता उघडपणे खेळत-फिरत आले असतील तर २००६च्या कायद्याने अर्ज करता येतो. पण प्लॅनिंगचा अर्ज जाहीर झाला की तो दरवाजा बंद होतो, म्हणून करायचाच तर आधी. आणि मनापासून सांगतो, जिथे रोज पन्नास कुत्री मोकळी पळतात ते कुरण बॅजरला फारसं मानवत नाही.

लोकांनी एकत्र येऊन जमीन घेणं अशक्य नाही. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लँगहोम या छोट्या गावाने २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत बक्लू या बड्या जमीनदार घराण्याच्या इस्टेटकडून दहा हजार एकरांहून जास्त माळरान विकत घेतलं, साठ लाख पौंड उभे करून. तिथले कायदे वेगळे आणि देणगीदार मोठे होते, हे खरं. पण त्यांच्याकडून एक शिकण्यासारखं आहे: खरेदीच्या आधी त्यांनी जमीन चालवणार कोण हे ठरवलं होतं. तुम्ही तीस घरं तीस नावांनी जमीन घेऊ नका. दहा वर्षांत निम्मी घरं विकली जातील, दोघांचा घटस्फोट होईल, एक जण पुण्याला परतेल आणि सह्यांसाठी तुम्ही वणवण फिराल. धर्मादाय संस्था किंवा कम्युनिटी बेनिफिट सोसायटी काढा. दुसऱ्या प्रकारात लोकांना शेअर देऊन पैसा उभारता येतो. जमीन घेतली की कन्झर्व्हेशन कव्हेनंट करून टाका. २०२२च्या सप्टेंबरअखेरपासून ही सोय आहे. मान्यताप्राप्त संस्थेशी केलेला हा करार जमिनीला चिकटतो, पुढच्या मालकालाही बांधतो. देवराईत कोयता घालायला माणूस देवाला भितो. इथे देव नाही, म्हणून करारनामा.

विम्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. तुमच्या झाडाची फांदी कुणाच्या गाडीवर पडली तर बॅजर भरपाई देणार नाही.

आणि कृपा करून सगळीकडे झाडं लावू नका. जमीन ताब्यात आली की पहिल्याच रविवारी लोक फावडी आणि पाचशे रोपं घेऊन येतात, फोटो निघतात आणि पंधरा वर्षांत कुरणाची सावलीदार, गांडुळं न सापडणारी झाडी होते. हेजमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या भरा: हॉथॉर्न, एल्डर, ब्लॅकबेरी, एखादं जुन्या जातीचं सफरचंद, म्हणजे शरद ऋतूत चरबी चढवायची सोय झाली. मधलं गवत एखाद्या शेतकऱ्याच्या गाई आणून चरवून घ्या. उन्हाळा फार कोरडा गेला तर सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवा. रोजचं खाणं घालू नका. घातलेच तर मूठभर शेंगदाणे, खारे अजिबात नाहीत.

गाई म्हटल्या की टीबीचा विषय निघणार. १९७१ साली ग्लॉस्टरशायरमध्ये मेलेल्या एका बॅजरमध्ये गाईंचा टीबी सापडला, तेव्हापासून हा वाद धुमसतोय. २०१३ ते २०२३ या काळात सरकारी परवान्यांनी २ लाख ३० हजारांहून जास्त बॅजर मारले गेले. त्याआधीच्या मोठ्या सरकारी चाचणीत दिसलं होतं की मारलेल्या भागात गाईंचा रोग काहीसा घटतो, पण कडेने वाढतो, कारण उरलेली जनावरं विस्कळीत होऊन लांब भटकतात. २०२४ साली सरकारने ही कत्तल थांबवून लसीकरणाकडे वळायचं जाहीर केलं. तुमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याशी या आकड्यांवरून वाद घालू नका. चाचणीत टीबी निघाला की त्याच्या दावणीची जनावरं कत्तलखान्यात जातात, गोठा महिनोन्महिने अडकतो. त्याचा राग खोटा नाही. त्याला विचारा की पिंजरे लावून बॅजरला बीसीजी टोचून घेतलं तर चालेल का. पाण्याचं टाकं उंच ठेवा, खुराक जमिनीवर सांडू देऊ नका. चहा तुम्ही पाजा.

या आठवड्यात दोनच कामं करा. लँड रजिस्ट्रीचा उतारा काढा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या पत्त्याचा प्लॅनिंग अर्ज आला की ईमेल यावा अशी सोय करून ठेवा. अर्ज जाहीर झाल्यावर हरकतीला साधारण एकवीस दिवस मिळतात आणि ख्रिसमसच्या सुट्ट्यांत ते कुठे उडून जातात कळत नाही. उतारा हातात आला की त्यात ऑप्शन कराराची नोंद आहे की नाही तेवढं कळवा, पुढचं त्यावर ठरेल.